नाव डिस्कचं, दोष कुणाचा?

‘डिस्क राइट एरर’ हे तीन शब्द पडद्यावर आले की आपल्याकडे दोन निदानं तयारच असतात. दुरुस्तीच्या दुकानातला म्हणतो, हार्ड डिस्क गेली, नवी टाका. मित्रमंडळींतला जाणकार म्हणतो, फॉरमॅट मार आणि विंडोज नव्याने टाक. पहिल्या सल्ल्यात काही हजार रुपये जातात, दुसऱ्यात अख्खा शनिवार-रविवार. आणि पुष्कळदा हे दोन्ही करून झाल्यावरही ऐंशी-नव्वद जीबी उतरलेला गेम पुन्हा त्याच टक्क्याला अडतो.

याचं कारण असं की, हा मेसेज म्हणजे डिस्कच्या तब्येतीचा अहवाल नव्हे. ‘मला ही फाइल लिहिता आली नाही’ एवढीच डाउनलोड करणाऱ्या प्रोग्रॅमची तक्रार त्यात असते. जागा नव्हती, परवानगी नव्हती, दुसऱ्या कुणी फाइल धरून ठेवली होती, मेमरीने मजकूर बिघडवला, केबल सैल होती की खरोखरच चकती खराब झाली, यांतलं काहीही त्या तीन शब्दांत मावतं. सरकारी कचेरीत आपली फाइल कोणत्या टेबलावर अडली हे न विचारता थेट मंत्रालयात अर्ज करावा, तसं आपण मग सगळे उपाय एकदम करत सुटतो. टेबल कोणतं ते आधी शोधलं तर निम्म्याहून जास्त वेळा पाच मिनिटांत काम होतं.

पीसीवरच्या गेमबद्दल बोलायचं तर उदाहरण स्टीम या गेम विकत घेऊन उतरवायच्या प्रोग्रॅमचंच घेणं सोयीचं. व्हॉल्व या अमेरिकी कंपनीने १२ सप्टेंबर २००३ रोजी स्टीम सुरू केलं आणि पुढच्याच वर्षी ‘हाफ-लाइफ २’ खेळायचा तर स्टीम हवंच, अशी अट घातली. त्या गेमला साडेचार जीबी जागा लागायची आणि तेव्हा ती डोळ्यांवर यायची. २०२३ साली आलेला ‘बाल्डर्स गेट ३’ दीडशे जीबी मागतो. एपिक किंवा इतर कंपन्यांच्या लाँचरमध्ये मेसेजचे शब्द बदलतात, पण आतली यंत्रणा फारशी वेगळी नसते.

डाउनलोड म्हणजे सर्व्हरवरची फाइल जशीच्या तशी येऊन आपल्या डिस्कवर पडते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. स्टीममध्ये तसं होत नाही. गेमच्या फायलींचे साधारण एकेक एमबीचे तुकडे पाडलेले असतात. प्रत्येक तुकडा दाबून लहान केलेला आणि कूटबद्ध केलेला असतो. तो आपल्याकडे पोचला की प्रोसेसर त्याचं कुलूप काढतो, दाबलेला मजकूर पुन्हा मोकळा करतो आणि तो मूळ तुकड्यासारखाच आहे ना, हे गणिती खुणेवरून पडताळतो. हे सगळं मेमरीत, म्हणजे रॅममध्ये चालतं. मग स्टीम विंडोजला सांगतं की हा मजकूर अमुक फाइलमध्ये अमुक ठिकाणी लिही. विंडोज परवानगी तपासतं, अँटिव्हायरस मध्येच डोकावतो, फाइल सिस्टिम जागा नेमून देते. त्यानंतर ड्रायव्हर, केबल, डिस्कमधला कंट्रोलर आणि अगदी शेवटी चकती किंवा चिप. मोठ्या गेममध्ये ही फेरी लाखाच्या घरात होते. त्यातल्या एका फेरीत एका ठिकाणी अडलं, तरी मेसेज तोच.

म्हणूनच स्टीमच्या डाउनलोडच्या पानावर दोन आलेख एकत्र दिसतात. निळ्या पट्ट्या नेटवर्कच्या, हिरवी रेषा डिस्कची. निळ्या पट्ट्या थांबल्या आणि हिरवी रेषा चालू राहिली तर नेट बंद पडलेलं नसतं. उतरलेला मजकूर मोकळा करून लिहिण्याचं काम मागे पडलेलं असतं. अशा वेळी राउटर बंद-चालू करणारे लोक मी पाहिले आहेत. राउटरचा त्यात काही दोष नसतो.

आलेले तुकडे जोडून नव्या फायली तयार करण्याचं काम ‘स्टीमअ‍ॅप्स’ फोल्डरातल्या ‘डाउनलोडिंग’ या उपफोल्डरात होतं. सगळं पुरं झालं की तयार फायली शेजारच्या ‘कॉमन’ फोल्डरात हलवल्या जातात. त्यामुळे शंभर टक्के उतरल्यानंतरही शेवटच्या हलवाहलवीत एरर येऊ शकते.

आता अडलेलं टेबल शोधायचं कसं? स्टीम स्वतःची रोजनिशी ठेवतं. सी ड्राइव्हवर प्रोग्रॅम फाइल्सच्या एक्स-८६ वाल्या फोल्डरात स्टीमचं फोल्डर असतं, त्यात ‘लॉग्ज’ आणि त्यात ‘कंटेंट लॉग’ नावाची साधी मजकुराची फाइल. नोटपॅडमध्ये उघडते. एरर आल्याबरोबर ती उघडावी आणि तळापासून वर वाचत जावं. डिस्कवर लिहिता न आल्याची ओळ सापडली की तिच्यात ज्या फाइलवर अडलं तिचा पूर्ण पत्ता बहुधा असतो. त्या पत्त्यावरून निदानाची दिशा ठरते. पुन्हा प्रयत्न केल्यावर तीच फाइल अडते की दर वेळी वेगळी? पत्ता ‘डाउनलोडिंग’मधला आहे की ‘कॉमन’मधला? आणि ड्राइव्ह तरी कोणता? कधी कधी असं दिसतं की, स्टीम काढून ठेवलेल्या एक्स्टर्नल डिस्कवरच्या जुन्या लायब्ररीत लिहायला बघतंय. मग दोष असलाच तर आपल्या विसरभोळेपणाचा.

याहून सोपी एक युक्ती आहे आणि ती कुणी का सुचवत नाही याचं मला नवल वाटतं. पाच-सहा जीबीची एखादी मोठी फाइल, सिनेमा म्हणा, हाताने त्याच ड्राइव्हवरच्या त्याच फोल्डरात कॉपी करून बघायची. स्टीम सगळी कारणं एका मेसेजात गुंडाळतं. विंडोज तसं करत नाही. जागा कमी असेल तर विंडोज जागा कमी आहे असं म्हणेल, परवानगी नसेल तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची संमती मागेल, फाइल सिस्टिमला एवढी मोठी फाइल चालत नसेल तर तेही स्पष्ट सांगेल. विंडोजच्या पोटात प्रत्येक नकाराला क्रमांक ठरलेला आहे: ५ म्हणजे परवानगी नाही, ३२ म्हणजे फाइल दुसऱ्या प्रोग्रॅमच्या ताब्यात आहे, ११२ म्हणजे डिस्क भरली, २३ म्हणजे वाचलेला मजकूर पडताळणीत चुकला आणि १११७ म्हणजे उपकरणाकडूनच बिघाडाचं उत्तर आलं. पहिले तीन आले तर डिस्क निर्दोष आहे. शेवटचे दोन आले तर मात्र गोष्ट गंभीर.

जागेपासून सुरुवात करू, कारण ‘माझ्याकडे भरपूर जागा आहे’ हे वाक्य बहुतेक वेळा अर्धंच खरं असतं. दुकानातून ५१२ जीबीची एसएसडी आणली तर विंडोजमध्ये ती ४७६ दिसते. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. दुकानदाराने फसवलेलं नसतं. पण त्यातून विंडोज आणि इतर सामान वजा जाता उरलेल्या जागेचा हिशेब आधीच घट्ट झालेला असतो.

खरी मेख अपडेटमध्ये आहे. समजा, गेममध्ये चाळीस जीबीची एकच भलीमोठी फाइल आहे आणि नव्या अपडेटमध्ये तिच्यातला जेमतेम दोनशे एमबी मजकूर बदलला. उतरणार दोनशे एमबीच. पण स्टीम जुन्या फाइलवर खाडाखोड करत नाही. जुनीतला न बदललेला भाग वाचून आणि नवे तुकडे घालून ते शेजारी अख्खी नवी फाइल तयार करतं, आणि ती पूर्ण झाली की जुनीच्या जागी बसवतं. मध्येच वीज गेली तरी जुना गेम शाबूत राहावा, हा त्यामागचा हेतू. ज्या राज्यात पावसाच्या पहिल्या सरीला दिवे जातात, तिथल्या माणसाने या सावधगिरीची कदरच करावी. पण दोनशे एमबीच्या अपडेटला चाळीस जीबी मोकळी जागा लागते ती यामुळे, आणि दहा जीबी शिल्लक असलेला माणूस बुचकळ्यात पडतो तोही यामुळेच.

गेम एवढे अगडबंब का झाले, याचं एक उत्तर या विषयाला धरूनच आहे. फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कवर एका जागेवरून दुसऱ्या जागी जायला वाचणाऱ्या मुंडीला वेळ लागतो. म्हणून एकच चित्र किंवा आवाज वेगवेगळ्या ठिकाणी पुन्हापुन्हा साठवायची पद्धत पडली. जिथे लागेल तिथे शेजारीच सापडावं म्हणून. ‘हेलडायव्हर्स २’ हा गेम पीसीवर यामुळे १५४ जीबीपर्यंत फुगला होता. डिसेंबर २०२५ मध्ये त्याच्या निर्मात्यांनी ही पुनरावृत्ती काढलेली आवृत्ती आणली आणि गेम साधारण २३ जीबीत बसला. म्हणजे शंभरावर जीबी नुसत्या नकला होत्या. खेळणाऱ्यांनी जागा करायला आपले फोटो उडवले असतील, ते वेगळंच.

गेम डी ड्राइव्हवर असला तरी सी ड्राइव्हकडेही लक्ष हवं. तात्पुरत्या फायली, ग्राफिक्सची तयार केलेली सामग्री आणि बऱ्याच गेमच्या सेव्ह फायली सी वरच जातात. डी वर तीनशे जीबी मोकळे आणि सी वर लाल पट्टी, हे चित्र आपल्याकडच्या घरोघरच्या पीसीवर दिसतं.

आता परवानगी आणि ताबा. अँटिव्हायरसचं कामच नव्या फायली उघडून बघणं. स्टीम एखादी फाइल लिहीत असताना तो ती तपासायला धरतो, क्षणभर ती अडते आणि तेवढ्यात एरर येते. नेमकी तीच फाइल दर वेळी अडत असेल आणि ती चालवायच्या प्रोग्रॅमची किंवा डीएलएल प्रकारची असेल, तर आधी संशय अँटिव्हायरसवर घ्यावा. त्याच्या इतिहासात ‘क्वारंटाइन’ केलेल्या फायलींची यादी असते, ती बघावी. उपाय एवढाच की स्टीमच्या लायब्ररीचं फोल्डर त्याच्या तपासणीतून वगळायचं. अँटिव्हायरस पूर्ण बंद करायचा नाही. चोरीच्या गेमचे ‘रिपॅक’ उतरवणाऱ्यांना ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ अशी पहिलीच सूचना मिळते आणि मग मध्येच ‘आयएसडन डॉट डीएलएल’ची एररही मिळते. त्या एररची कारणं याच लेखातली आहेत: जागा, मेमरी, अडवलेली फाइल. पण अनोळखी माणसाने पाठवलेला प्रोग्रॅम पहारा उठवून आत घ्यायचा, हा धोका एररपेक्षा कितीतरी मोठा आहे.

विंडोजमध्ये आणखी एक पहारेकरी आहे, त्याचं नाव ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’. २०१७ हे खंडणीखोर व्हायरसचं वर्ष होतं. मे महिन्यात वॉनाक्रायने जगभर धुमाकूळ घातला, जूनमध्ये नॉटपेत्याने न्हावाशेवा बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनल ठप्प केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या विंडोज १० च्या अपडेटमध्ये मायक्रोसॉफ्टने ही सोय दिली. ती चालू असेल तर डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरे फोल्डरांत ओळखीच्या प्रोग्रॅमशिवाय कुणालाही लिहिता येत नाही. असंख्य गेम आपल्या सेव्ह फायली डॉक्युमेंट्समध्येच ठेवतात. मूळ विंडोजमध्ये ही सोय बंद असते, पण कुणी दक्ष भाचा सुट्टीत येऊन चालू करून गेला असेल तर गेम उतरतो, सुरू होतो आणि सेव्ह मात्र होत नाही. विंडोज सिक्युरिटीमध्ये रॅन्समवेअरच्या पानावर त्या एका गेमला परवानगी देता येते.

परवानगीबाबत दोन सल्ले फार फिरतात. पहिला: फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘रीड-ओन्ली’ची खूण काढा. लोक काढतात, ती परत आलेली दिसते आणि ते हादरतात. फोल्डरच्या बाबतीत त्या चौकोनाला लिहिण्याच्या परवानगीशी देणंघेणं नाही. विंडोज ती खूण फोल्डरच्या सजावटीसाठी वापरतं. आतल्या एखाद्या फाइलवर ती खूण असेल तर मात्र अडतं, आणि हा उपाय चुकूनमाकून लागू पडतो तो तेवढ्यापुरता. दुसरा सल्ला: स्टीम कायम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. एकदा तपासण्यापुरतं ठीक आहे. तसं केल्यावर एरर गेली, तर परवानगीचाच घोळ आहे हे कळतं. पण कायम तसंच ठेवलं तर स्टीममधून सुरू होणारा प्रत्येक गेम पूर्ण अधिकार घेऊन चालतो, आणि एवढा विश्वास टाकावा असं गेमने काही केलेलं नसतं. त्यापेक्षा स्टीमच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेजच्या पानावर ‘रिपेअर फोल्डर’ आहे, ते वापरावं. तिथेच दुसऱ्या जागी नवी लायब्ररीही करता येते. नव्या लायब्ररीत गेम बिनतक्रार उतरला तर जुन्या फोल्डरातच काही तरी बिघडलं होतं, हे सिद्ध होतं.

मराठी वाचकासाठी एक खास मुद्दा. विंडोज बसवताना हौसेने आपलं नाव देवनागरीत टाकलं तर ‘युजर्स’मधल्या आपल्या फोल्डरचं नावही देवनागरीत होऊ शकतं. काही जुन्या गेमना आणि इन्स्टॉलरना रोमन लिपीपलीकडची अक्षरं पत्त्यात आली की तो पत्ता सापडतच नाही. दोष त्या प्रोग्रॅमचा, पण भोगायचं आपण. खात्याच्या फोल्डरचं नाव नंतर बदलणं कटकटीचं असतं. रोमन नावाचं दुसरं खातं उघडून तिथे गेम चालतो का बघणं सोपं.

एक्स्टर्नल डिस्क किंवा पेन ड्राइव्हवर गेम ठेवणाऱ्यांनी आधी फाइल सिस्टिम बघावी. ड्राइव्हवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज उघडलं की दिसते. फॅट-३२ असेल तर चार जीबीहून मोठी फाइल तिच्यावर मावणारच नाही. फाइलचा आकार नोंदवायला तिथे ३२ बिटांचीच जागा आहे. ही पद्धत १९९६ ची, विंडोज ९५ च्या काळातली, आणि चार जीबीची फाइल तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हती. आजही गाडीतल्या म्युझिक सिस्टिमला किंवा जुन्या टीव्हीला चालावी म्हणून लोक डिस्क फॅट-३२ करून ठेवतात. डिस्कवर तीनशे जीबी मोकळे असतात आणि गेम दर वेळी ठरावीक टक्क्याला अडतो, कारण त्या टक्क्याला त्यातली मोठी फाइल सुरू होते. एक्सफॅटमध्ये ही मर्यादा नाही. पण एनटीएफएसमध्ये बदलांची नोंदवही असते, तशी एक्सफॅटमध्ये नसते. लिहिताना वीज गेली किंवा डिस्क उपटली तर घोळ निस्तरणं अवघड जातं. विंडोजवर गेमसाठी एनटीएफएसच ठेवावी.

याला जोडूनच फसव्या पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डांबद्दल. दोन टीबीचा पेन ड्राइव्ह काहीशे रुपयांत मिळाला तर तो दोन टीबीचा नाही, हे घेतानाच समजावं. आत बत्तीस किंवा चौसष्ट जीबीची चिप असते आणि कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. विंडोजने विचारलं की तो म्हणतो, दोन टीबी. खरी जागा संपल्यावर पुढचा मजकूर तो एक तर जुन्यावर लिहितो किंवा चक्क टाकून देतो, आणि दोन्ही वेळा ‘लिहिलं’ असंच उत्तर देतो. फोटो भरणाऱ्याला हे कित्येक महिने कळत नाही. गेमवाल्याला लगेच कळतं, कारण स्टीमची पडताळणी मजकूर परत वाचते आणि हजारो फायली खराब सांगते. शंका असेल तर जर्मनीतल्या एका संगणक नियतकालिकाचं ‘एच-टू-टेस्ट-डब्ल्यू’ हे फुकट साधन वापरावं. ते ओळखीच्या मजकुराने अख्खा ड्राइव्ह भरतं आणि परत वाचून किती जागा खरी आहे ते सांगतं. वेळ खातं, पण त्याच्या निकालावर वाद उरत नाही. तपासणीआधी ड्राइव्ह रिकामा करून घ्यावा.

आता खुद्द डिस्क. ती खरंच मरत असेल तर खुणा वेगळ्या असतात. फोल्डर उघडायला मिनिटभर लागतं, हार्ड डिस्क कटकट वाजते, संगणक मध्येच थिजतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘सिस्टिम’ या भागात ‘डिस्क’ नावाने नोंदी असतात. तिथे ७ क्रमांकाची नोंद म्हणजे खराब भाग सापडला, १५३ म्हणजे काम पुन्हा करून बघावं लागलं. शिवाय डिस्क स्वतःच्या प्रकृतीची मोजमापं स्मार्ट या पद्धतीने ठेवते. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हे फुकट साधन ती दाखवतं. निळं असेल तर बरं, पिवळं म्हणजे सावध, लाल म्हणजे संपलं. हार्ड डिस्कसाठी तीन ओळी बघायच्या: ०५ म्हणजे बदलून दिलेले खराब भाग, सी-५ म्हणजे संशयित आणि निकाल बाकी असलेले, सी-६ म्हणजे वाचता न आलेले. हे आकडे वाढत चालले असतील तर निरोप द्यायची तयारी करावी. सी-७ ही ओळ मात्र वेगळी आहे. ती वाढत असेल तर डिस्क बरी आहे आणि केबल वाईट. स्वस्तातली केबल बदलून डिस्क वाचवणारी ही ओळ दुकानात क्वचितच कुणी बघतं. एनव्हीएमई प्रकारच्या एसएसडीत हे क्रमांक नसतात. तिथे शिल्लक राखीव जागा आणि ‘मीडिया एरर’चा आकडा बघायचा.

इथे एक गंमत आहे. चांगल्या स्थितीतल्या डिस्कवर खऱ्या अर्थाने ‘लिहिण्यात’ चूक होणं दुर्मीळ. लिहिताना एखादा भाग खराब निघाला तर डिस्क गुपचूप राखीव भागात मजकूर ठेवते आणि कुणाला कळूही देत नाही. अडचण येते वाचताना, कारण तिथे आधीच ठेवलेला मजकूरच हवा असतो. अपडेटमध्ये स्टीम जुनी फाइल वाचतं, हे वर आलंच. त्यामुळे डिस्कच्या दोषाने आलेली राइट एरर पुष्कळदा मुळात वाचण्याची चूक असते. नवा गेम नीट उतरतो आणि एका जुन्या गेमचं अपडेट मात्र कधीच पुरं होत नाही, याचा उलगडा इथे होतो.

एसएसडी अचानक मंदावणं हा मात्र आजार नव्हे. स्वस्त एसएसडीत सुरुवातीचा मजकूर झटपट घेणारा एक वेगवान भाग असतो. तो भरला की क्यूएलसी प्रकारच्या काही एसएसडी हार्ड डिस्कच्या वेगावर येतात. थोडं थांबलं आणि दहा-पंधरा टक्के जागा मोकळी ठेवली की त्या सावरतात.

सगळ्यात फसवा गुन्हेगार आहे मेमरी. मजकूर आधी रॅममध्ये मोकळा होतो, त्यामुळे रॅममधला एक बिट जरी बदलला तरी पडताळणी चुकते आणि नाव डिस्कचं निघतं. ओळखायची खूण साधी आहे. स्टीममध्ये गेमच्या फायलींची पडताळणी लागोपाठ दोन-तीनदा करायची. दर वेळी तीच फाइल खराब निघाली तर डिस्ककडे किंवा अँटिव्हायरसकडे बघा. दर वेळी आकडा आणि फायली वेगळ्या निघाल्या तर मेमरीकडे. विंडोजमध्ये मेमरी तपासायचं साधन आहेच, ‘मेमटेस्ट-८६’ रात्रभर चालवलं तर आणखी चांगलं. रॅमचा वेग बायोसमधून एक्सएमपीने वाढवला असेल तर तो आधी मूळ पदावर आणावा.

प्रोसेसरही असाच फसवू शकतो, हे २०२४ साली जगाने पाहिलं. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले महागडे प्रोसेसर वापरणाऱ्यांचे गेम सुरू होताना कोसळू लागले. मेसेज यायचा, ग्राफिक्स कार्डाची मेमरी संपली. कार्डावर सोळा-चोवीस जीबी मेमरी असायची आणि ती संपलेली नसायची. गेममधला दाबलेला मजकूर मोकळा करणारी ‘ऊडल’ ही प्रणाली बनवणाऱ्या रॅड गेम टूल्सने जाहीर केलं की चूक प्रणालीत नाही, प्रोसेसर चुकीची उत्तरं देतोय. जुलैमध्ये इंटेलने मान्य केलं की प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते. ऑगस्टमध्ये दुरुस्ती बायोसमधून आली आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवावी लागली. तोवर कित्येकांनी ग्राफिक्स कार्ड बदलून पाहिली होती. असा प्रोसेसर ज्यांच्याकडे आहे आणि बायोस कधीच अपडेट केलेलं नाही, त्यांनी डिस्कला हात लावण्याआधी ते करावं.

उलटही घडतं. ऑगस्ट २०२५ मध्ये विंडोज ११ च्या एका अपडेटनंतर मोठे गेम उतरवताना एसएसडी गायब होते, अशी बातमी जपानमधून पसरली. पन्नास जीबी सलग लिहिलं आणि डिस्क साठ टक्क्यांवर भरलेली असली की असं होतं, इतके तपशीलही त्यात होते. ज्यांचे कंट्रोलर संशयित ठरले त्या फायसन कंपनीने साडेचार हजार तासांची चाचणी केली आणि हा बिघाड घडवून आणता आला नाही, असं सांगितलं. मायक्रोसॉफ्टलाही अपडेटशी संबंध सापडला नाही. तरीही ‘ते अपडेट काढून टाका’ हा सल्ला पुढे फिरतच राहिला. सुरक्षेची दुरुस्ती काढून टाकायला लावणारा सल्ला ऐकण्याआधी आपल्याच संगणकाचा इव्हेंट व्ह्यूअर उघडून बघायला पाच मिनिटं लागतात.

शेवटी, क्रमाबद्दल कळकळीची विनंती. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पिवळं किंवा लाल दिसलं तर ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमधलं ‘चेक’ लगेच चालवू नका आणि गेम पुन्हा उतरवूनही बघू नका. मरणाऱ्या डिस्कला त्या श्रमातच शेवटचा धक्का बसतो. आधी फोटो, कागदपत्रं आणि कॉलेजचं काम दुसऱ्या डिस्कवर हलवा. त्याबरोबर गेमच्या सेव्ह फायलीही घ्या, कारण सगळेच गेम त्या स्टीम क्लाउडवर ठेवत नाहीत. ठेवत असेल तर स्टोअरमधल्या त्या गेमच्या पानावर ‘स्टीम क्लाउड’ असं लिहिलेलं असतं. नसेल तर त्याच्या सेव्हचं फोल्डर शोधून त्याची प्रत आजच काढा.